आजोबांना सावलीत न्या

आजोबांचा फोटो आधी भिंतीवरून उतरवा. हार बाजूला ठेवा, चौकट उलटी करा, मागच्या खिळ्या सोडवा आणि फोटो अलगद बाहेर काढा. आता कडेची ती अर्ध्या इंचाची पट्टी बघा, जी इतकी वर्षं माउंटच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली होती. तिथे शेजारी बसलेल्या आजीच्या लुगड्याचा रंग अजून शिल्लक असेल. उरलेल्या फोटोत तेच लुगडं फिकट, हिरवट, ओळखू न येणारं झालं असेल. कागद एकच, रंग एकाच दिवशी उमटलेला, घरही एकच. फरक एवढाच की पट्टीला तुम्ही अंधारात ठेवलंत आणि आजोबांना उजेडात.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सौम्यपणे सांगण्याचा माझा विचार नाही. परदेशातली आपली घरं आपल्या माणसांच्या आठवणी प्रेमाने पुसत चालली आहेत. मूळ फोटो, मूळ पत्र, पणजीची पैठणी भिंतीवर लावणं हा आदर नाही, ती हळूहळू केलेली विल्हेवाट आहे. भिंतीवर प्रत लावा. मूळ वस्तू अंधारात ठेवा. ज्यांना एवढं पटलं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण अनुभव असा की कुणालाच ते सहजी पटत नाही, म्हणून पुढचं लिहितो.

उजेड वस्तू खातो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ते मराठी स्वयंपाकघराला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला की आई काय म्हणायची? धू आणि उन्हात टाक. साबणाने न गेलेला पिवळा डाग दोन दिवसांच्या उन्हात नाहीसा व्हायचा. तो डाग धुतला गेलेला नसतो, उन्हाने मोडलेला असतो. हळदीतल्या रंगाचा रेणू प्रकाश शोषून घेतो आणि त्या धक्क्याने तुटतो. तुटलेल्या रेणूला रंग नसतो. कापड तिथेच राहतं, रेणूचे तुकडेही काही काळ तिथे राहतात, फक्त पिवळेपणा जातो. जी गोष्ट डागाच्या बाबतीत तुम्ही हातचलाखीसारखी वापरता, तीच आजीच्या लुगड्याच्या रंगाच्या बाबतीत रोज घडते आहे. उन्हाला डाग आणि आठवण यांतला फरक कळत नाही.

या नुकसानीचे तीन नियम आहेत. पहिला, ते साठत जातं. मंद उजेडात दहा तास आणि दहापट प्रखर उजेडात एक तास, हिशेब साधारण सारखाच. दुसरा, ते भरून येत नाही. रात्री दिवे मालवले म्हणून रंगाला विश्रांती मिळून तो सकाळी परत येत नाही. मुद्दल कापलं जातं, व्याज कधीच जमा होत नाही. तिसरा, ‘इतक्या उजेडाने काहीच होत नाही’ अशी सुरक्षित पातळी नसते. कमी उजेडात कमी नुकसान होतं, एवढंच.

आता आकडे बघा. संग्रहालयांत उजेड लक्समध्ये मोजतात. नाजूक वस्तूंवर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये हा संकेत अनेक दशकं चालत आला आहे, कारण माणसाच्या डोळ्याला रंग बऱ्यापैकी दिसायला तेवढा पुरतो. प्रकाशाबाबतची आंतरराष्ट्रीय संस्था सीआयई हिने २००४ साली त्याला वार्षिक मर्यादाही जोडली. रेशीम, लवकर उडणारे रंग आणि बहुतेक फोटो यांच्यासाठी वर्षाला १५,००० लक्स-तास. म्हणजे ५० लक्समध्ये ३०० तास, रोज दहा तास दालन उघडं धरलं तर जेमतेम एक महिना. म्हणूनच चांगल्या संग्रहालयांत जुनी वस्त्रं आणि लघुचित्रं काही काळ मांडतात आणि मग काढून पेटीत ठेवतात.

तुमच्या दिवाणखान्यात त्या भिंतीवर दिवसाचे दहा तास सरासरी २०० लक्स पडतात असं धरू. मोठ्या काचांच्या घरात हे मुळीच जास्त नाही. वर्षाचे होतात ७ लाख ३० हजार लक्स-तास. संग्रहालयाने ज्या वस्तूला ४८ वर्षांत जेवढा उजेड दाखवला असता, तेवढा तुम्ही एका वर्षात दाखवलात. आणि हे थेट ऊन न पडता. काचेतून आलेलं ऊन सहज ५० हजार लक्सच्या घरात असतं. ते भिंतीवर वीस मिनिटं टेकलं की वर्षाचं रेशन संपलं.

इथे पेंडल हिलचा आणि आसपासच्या उपनगरांचा प्रश्न येतो. आपल्यातले पुष्कळ जण टुंगॅबी, वेंटवर्थव्हिल, गिरावीन या पट्ट्यात राहतात. घर घेताना जाहिरातीत ‘नॉर्थ फेसिंग’ वाचलं की आपण दोन पावलं पुढे येतो, कारण दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. ते बरोबरच आहे. पण घरात शिरल्यावर आपण आजोबांचा फोटो कुठे लावतो? दक्षिण ही यमाची, पितरांची दिशा, म्हणून दक्षिणेकडच्या भिंतीवर. सगळ्या घरांत नसेल, पण पुष्कळ घरांत हा संकेत पाळला जातो.

महाराष्ट्रात हा संकेत फोटोला मानवणारा होता. तिथे हिवाळ्यातलं तिरपं ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून येतं, त्यामुळे दक्षिण भिंतीच्या आतल्या बाजूवर ते पडतच नाही. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, खिडकीतून आत शिरत नाही. म्हणजे ती घरातली बऱ्यापैकी सावलीची भिंत. सिडनीत सगळं उलटं. जूनमध्ये दुपारी सूर्य उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर असतो. ते ऊन उत्तरेच्या मोठ्या काचेतून थेट आत घुसतं आणि कुठे जाऊन टेकतं? समोरच्या दक्षिण भिंतीवर. घरातली सगळ्यात घातक जागा आपण शास्त्र म्हणून शोधून काढतो आणि तिथे खिळा ठोकतो. दिशा पाळली, गोलार्ध विसरलो.

‘पण गावच्या घरात हाच फोटो साठ वर्षं भिंतीवर होता, त्याला काही झालं नाही,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. वाड्याच्या भिंती जाड होत्या, खिडक्या लहान होत्या. माजघरात भर दुपारी सुई ओवायला दाराशी यावं लागायचं. तुमचा फोटो टिकला तो छायाचित्रकाराच्या कौशल्याने नव्हे, माजघराच्या अंधाराने टिकला. दुसरं असं की तो जुना फोटो बहुधा कृष्णधवल होता. त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि चांदी उजेडाला बऱ्यापैकी दाद देत नाही. स्टुडिओत हाताने गालाला लावलेला गुलाबी आणि काठाला लावलेला हिरवा मात्र उडतो. १९७० नंतरचे रंगीत फोटो तर पूर्णपणे रंगद्रव्यांचेच. त्यातले त्या काळचे पुष्कळ फोटो अंधारातही लालसर होत जातात, कारण निळसर थर आपोआप क्षीण होतो. उजेडात बहुतेकदा किरमिजी थर आधी जातो आणि चेहरे हिरवट पडतात. म्हणजे तुमच्या लग्नाचा फोटो आजोबांच्या फोटोपेक्षा लवकर जाणार आहे. हे हॉलमध्ये मोठा करून लावलेल्या जोडप्यांनी विशेष लक्षात घ्यावं.

पातळ वस्तूंचंच असं का होतं? ज्याला जाडी नाही, त्याला ‘आत’ नसतो. दगडी मूर्तीचा वरचा थर झिजला तरी मूर्ती राहते. फोटोतली प्रतिमा केसाहून पातळ थरात असते. तो थर गेला की खाली फक्त कागद. हीच गोष्ट आज प्रयोगशाळांत टोकाला जाऊन दिसते. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा सोलून काढला. त्या ग्राफीनबद्दल त्यांना २०१० चं नोबेल मिळालं. त्यानंतर अशा दोन मितींच्या पदार्थांची रांगच लागली. त्यातला काळा फॉस्फरस फार गुणी, आणि तितकाच नाजूक. इथे मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातही त्यावर काम चालतं. त्याचे पातळ पापुद्रे उघड्यावर ठेवले की प्रकाश, प्राणवायू आणि दमट हवा तिघे मिळून त्यांचा फडशा पाडतात, आणि पापुद्रा जितका पातळ तितका लवकर. जे संशोधक त्यावर काम करतात ते काय करतात? त्यावर दुसऱ्या पदार्थाचं आवरण घालतात, निष्क्रिय वायूच्या पेटीत हाताळतात, उजेडापासून जपतात. कुणीही तो पापुद्रा ‘छान दिसेल’ म्हणून उत्तरेच्या खिडकीसमोर लावत नाही. तुमच्यातले निम्मे लोक अभियंते आहेत. कामाच्या ठिकाणी तुम्हाला हे सांगावं लागणार नाही. घरी आल्यावरच शास्त्र कुठे जातं?

आता तुमचे आक्षेप. मी ते सगळे ऐकलेले आहेत.

‘आम्ही यूव्ही काच लावली आहे.’ चांगलं केलंत, पण पुरतं केलं नाहीत. अतिनील किरणांत ऊर्जा जास्त, म्हणून ते सर्वांत घातक, हे खरं. साधी खिडकीची काच त्यातले काही अडवते, सगळे नाही. खास काच बहुतेक अडवते. पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतो, आणि तो अडवणारी काच लावलीत तर फोटो दिसणारच नाही. एलईडी दिव्यांचंही तसंच. त्यांत अतिनील जवळजवळ नसतं, म्हणून ते जुन्या ट्यूबपेक्षा बरे, पण निरुपद्रवी नाहीत. काच आयुष्य वाढवते, अमरत्व देत नाही.

‘आमच्याकडे तर वस्तूंना ऊन दाखवायची पद्धत आहे.’ आहे, आणि तिला कारण आहे. कोकणात चार महिने पाऊस कोसळल्यावर कपाटातल्या गोधड्यांना, पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते. वर्षातून एकदा दोन तास ऊन दाखवणं हा रोगापेक्षा बरा उपाय होता. ते औषध होतं, आणि औषधाला मात्रा असते. वर्षातून दोन तास ही मात्रा आणि रोज दहा तास ही मात्रा, यांत फरक नाही का? शिवाय इथे तुमच्या कपाटात आषाढ येत नाही. हवा द्यायची तर सावलीत द्या.

‘सगळं स्कॅन केलंय, आता मूळ गेलं तरी चालेल.’ हे वाक्य ऐकलं की माझा तोल जातो. स्कॅनमध्ये स्कॅनरने त्या दिवशी जेवढं पाहिलं तेवढंच असतं. फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, आजीने पेन्सिलीने लिहिलेलं ‘चि. बाळ, वय ३’, कागदाची जात, कोपऱ्याला कुणीतरी कापलेला भाग, यातलं किती तुम्ही घेतलंत? दहा वर्षांपूर्वी घाईत काढलेल्या प्रती आज मोठ्या करून बघा म्हणजे कळेल. मूळ जिवंत असेल तर उद्याच्या चांगल्या यंत्राने पुन्हा घेता येतं. मूळ गेलं की तुमची जुनी फाइल हेच मूळ, आणि ती कुठल्या हार्ड डिस्कवर आहे हे आज तुम्हाला तरी आठवतंय का? जाता जाता: एका स्कॅनचा उजेड थेट उन्हापुढे नगण्य असतो. तेव्हा ‘स्कॅनने खराब होईल’ हीदेखील सबब नाही.

‘जे जायचं ते जाणारच.’ हे वैराग्य असतं तर मी पाया पडलो असतो. पण हेच लोक गाडी उन्हात उभी केली की पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावतात, डॅशबोर्ड तडकू नये म्हणून. मुलाला टोपीशिवाय शाळेत पाठवत नाहीत, कारण टोपी नसेल तर शाळा खेळू देत नाही. १९८१ सालच्या ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ या मोहिमेपासून या देशाने सावलीचं महत्त्व पोरापोराला शिकवलं, आणि आपण ते कातडीपुरतं उत्तम शिकलो. सिडनीच्या उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो हे आपल्याला तोंडपाठ आहे. डॅशबोर्डला सावली, पोराला टोपी, आणि आजोबांना ऊन.

आणि शेवटचा, सर्वांत खरा आक्षेप: ‘कुणी बघणारच नसेल तर जपून करायचं काय? अंधारात ठेवलेला माणूस विस्मरणात जातो.’

याचं उत्तर मला संग्रहालयाकडून आणावं लागत नाही. ते आपल्या देवळात आहे. मूळ मूर्ती गाभाऱ्यात असते. गाभारा अंधाराच असतो, समईच्या उजेडापुरता. तिथे देवाला कुणी विसरलं असं आपल्याला कधी वाटलं नाही. गावातून मिरवते ती उत्सवमूर्ती. पालखीत बसते ती, ऊन-पाऊस सोसते ती, गुलाल अंगावर घेते ती. वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका चालतात आणि आपल्याला माउली आल्यासारखं वाटतं. मूळ जपायचं आणि प्रतिनिधीने मिरवायचं, ही व्यवस्था आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिचं नवल वाटेनासं झालं आहे. दर्शन हा शब्दच बघा. दर्शन क्षणाचं असतं. पडदा सरतो, हात जोडले जातात, पडदा पडतो. चोवीस तास उघडं ठेवणं म्हणजे दर्शन नव्हे, दुकानाची दर्शनी काच झाली.

कागदांचंही तसंच होतं. पोथी कपड्यात गुंडाळून ठेवायची. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही ‘रुमालां’त मोजलं जातं, कारण ते कागद रुमालांत बांधलेले असायचे. त्यात शाई काजळाची, आणि काजळ म्हणजे निव्वळ कार्बन, उजेडाला न बधणारा. एवढी टिकाऊ शाई असूनही लोकांनी ते कागद बांधून ठेवले. आपल्याकडे काय आहे? फाउंटन पेनच्या धुवून जाणाऱ्या निळ्या शाईत लिहिलेलं आईचं अंतर्देशीय पत्र. ही शाई उजेडात किती लवकर पळते हे कुठल्याही खिडकीतल्या चिठ्ठीवर दिसतं. आणि ते पत्र आपण चौकटीत घालून जिन्यात लावतो, कारण अशी ‘हस्ताक्षराची फ्रेम’ हल्ली छान दिसते. अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद मोडी जाणणारा आज वाचेल, आणि १९८५ सालचं आईचं पत्र तिच्या नातीला वाचता येणार नाही.

हे आपल्याच हातून होतं असं नाही. अमेरिकेने आपला १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १८४१ ते १८७६ अशी ३५ वर्षं वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात खिडकीसमोरच्या भिंतीवर लावून ठेवला. भक्तीनेच लावला होता. आज मूळ चर्मपत्रावरची अक्षरं जेमतेम दिसतात. जगाला जो जाहीरनामा डोळ्यांपुढे येतो तो बहुतेकदा १८२३ साली विल्यम स्टोनने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला असतो. म्हणजे ते राष्ट्र आपला जन्मदाखला वाचतं ते प्रतीमुळे. व्हॅन गॉगच्या १८८८ सालच्या शयनगृहाच्या चित्रात भिंती निळ्या दिसतात. त्याने स्वतः पत्रात त्या जांभळट असल्याचं लिहिलं होतं. त्यातला लाल रंग उजेडाने उडाला आणि निळा उरला. पत्र नसतं तर आपण निळ्या भिंतींवर प्रबंध लिहिले असते. तुमच्या आजीने लिहून ठेवलं आहे का, तिचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं?

पैठणीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवा उत्साह तिथे आहे. पणजीच्या जीर्ण पैठणीचा पदर कापून चौकटीत बसवायचा आणि दिव्याच्या झोतात लावायचा. रेशीम हा नैसर्गिक धाग्यांत उजेडाला सर्वांत हळवा. रंग तर जातोच, धागाही कुजतो, हात लावला की चिरतो. कापडाचा रंग उन्हात किती टिकतो हे मोजायला वस्त्रोद्योगाने निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं प्रमाण केलं, पहिली सर्वांत लवकर फिकी पडणारी, आठवी सर्वांत चिवट. आज संग्रहालयं त्याच पट्ट्या वस्तूंशेजारी ठेवतात. पेंडल हिलमध्ये १९२०च्या दशकात बाँड्सची सूतगिरणी उभी राहिली आणि कित्येक पिढ्या तिथे राबल्या. कापड आणि ऊन यांचं वैर या उपनगराला नवं नाही. आपण मात्र पैठणीला अशा जागी लटकवतो जिथे साधा बनियनसुद्धा कुणी महिनाभर वाळत ठेवणार नाही. आणि लक्षात ठेवा, पणजीने ती नेसली तेव्हा ती वर्षातून दोनदा पेटीतून निघायची. म्हणून तर ती तुमच्यापर्यंत आली.

हे सगळं भारतातल्या भावंडांनाही लागू आहे, मग तुम्हालाच का सांगतो? कारण एकुलती एक वस्तू बहुधा तुमच्याकडे आहे. परदेशी निघालेल्याला घरच्यांनी मूळ फोटो दिला, ‘तू लांब चाललास, तुझ्याजवळ असू दे’ म्हणून. ज्या स्टुडिओत तो काढला तो कधीच बंद झाला, निगेटिव्ह राहिलेली नाही. गावचं घर विकलं गेलं. उद्या तुमच्या पुतण्याला पणजोबांचा चेहरा बघायचा असेल तर तो पेंडल हिलच्या तुमच्या दिवाणखान्यातच आहे. तुम्ही मालक नाही, सांभाळणारे आहात. सांभाळायला दिलेली वस्तू उन्हात ठेवत नाहीत.

करायचं काय, ते थोडक्यात. फोटो दोन्ही बाजूंनी, निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा. पिगमेंट शाईने चांगला छापा काढून तो चौकटीत घाला आणि हार त्याला घाला. आजोबा रागावणार नाहीत. फिका पडला की दुसरा छापा. त्याच्या मागे लिहा की मूळ कुठे ठेवलं आहे. मूळ आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पेटीत, आतल्या खोलीच्या कपाटात. गराजमध्ये नाही, छताखालच्या पोकळीत नाही. ४ जानेवारी २०२० ला पेनरिथला ४८.९ अंश होते, पत्र्याच्या दाराआड त्याहून काय झालं असेल याचा विचार करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढा, पण ओढून नव्हे. पैठणी धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि अधूनमधून घडी मोडून वेगळी घाला म्हणजे जर एकाच रेषेवर तुटणार नाही. पणजीच्या माहेरची रविवर्मा प्रेसची लक्ष्मी असेल, १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्या छापखान्याची, तर देवघरात तिची प्रत पुजा. मंडळांच्या कार्यकर्त्यांना वेगळी विनंती: गणपतीत ‘आपला वारसा’ म्हणून दहा दिवस ट्यूबलाइटखाली लोकांच्या मूळ वस्तू मांडू नका. प्रती मांडा. मूळ मांडायचंच तर एका संध्याकाळपुरतं, पडदे ओढून.

आणि वर्षातून एकदा दर्शन ठेवा. पितृपक्ष त्याला योग्य आहे. तो सिडनीत वसंतात येतो, संध्याकाळ लवकर होते. जेवणं झाल्यावर पडदे ओढा, कोपऱ्यातला एक दिवा ठेवा, हात धुऊन पेटी उघडा. मुलांना बोलवा. मूळ फोटो मेजावर ठेवा, पाठीमागचं पेन्सिलीचं अक्षर त्यांना वाचायला लावा, हा कोण, ती कोण, ते सांगा. वर्षभर भिंतीवर असलेल्या फोटोकडे ती एकदाही बघत नाहीत. भिंतीवरची वस्तू लवकरच भिंत होऊन जाते. पेटीतून निघालेल्या फोटोकडे ती बघतील, कारण थोड्या वेळाने तो परत पेटीत जाणार हे त्यांना माहीत असेल.

मग पेटी बंद करा. आणि तो दक्षिण भिंतीवरचा फोटो उद्यावर टाकू नका. उद्याही ऊन पडणार आहे.